सहा खोकी

जुन्या रेकॉर्डांचा दुकानदार काही बोलला असता तर मी त्याच दिवशी सगळं विसरून गेले असते. पण तो बोलला नाही. मी 'सोल' असं लिहून आणलेल्या खोक्यातून त्यानं एक एलपी उचलली, चष्मा नाकावर ढकलून कव्हरकडे क्षणभर बघितलं आणि शेजारच्या 'कंट्री' लिहिलेल्या खोक्यात सारली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बोट जिभेला लावलं आणि पुढची रेकॉर्ड. दोन सेकंदांचं काम. चुकीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या पोराला शाळेतल्या बाई दंडाला धरून बाजूच्या रांगेत नेतात, तसं. मी मात्र काउंटरला टेकून तिथेच अडकले. कारण त्या कव्हरवर 'कंट्री अँड वेस्टर्न' हे शब्द छापलेले होते, एलपीच्या नावातच. मला इंग्रजी वाचता येतं, निदान गेली बावीस वर्षं त्यावरच पोट भरतंय. तरी मी ती सोलमध्ये टाकली होती, कारण शब्दांच्या आधी मला काळा चष्मा घातलेले, सोलसाठी गाजलेले काळे गायक रे चार्ल्स दिसले होते.

म्हणजे मी वाचलंच नव्हतं. ऐकण्याचा तर प्रश्नच नव्हता.

रेकॉर्ड शेजारच्या आजींच्या होत्या. इथे अमेरिकेत, मेम्फिसकडे, वडीलधाऱ्या बाईला 'मिस' लावून पहिल्या नावानं हाक मारायची पद्धत आहे आणि सगळी गल्ली त्यांना तशीच हाक मारायची. मी मनातल्या मनात मात्र पहिल्या वर्षापासून त्यांना आजीच म्हणत आले. ऑगस्टात परसातली भेंडी पिशवी भरून आमच्या दारात ठेवायच्या. त्यांची भेंडी मक्याच्या पिठात घोळवून तळलेली, माझी भरलेली. माझी खाऊन म्हणाल्या, "एवढ्याशा बोटात मसाला भरत बसायला तुझ्याकडे वेळ कुठून येतो गं?" त्यांच्या स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी एक लांबडं लाकडी पेटाऱ्यासारखं रेकॉर्डप्लेअरचं धूड होतं, आणि दर वीस मिनिटांनी पिठाचे हात पुसून त्या बाजू उलटायला यायच्या. मी एकदा विचारलं होतं, हे कोणत्या प्रकारचं म्युझिक? त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि म्हणाल्या, "हे? हे माझ्या बहिणीचं." मला वाटलं, कानानं कमी ऐकू येतंय, प्रश्न नीट कळला नसेल.

फेब्रुवारीत त्या गेल्या. मुलगा ओहायोहून आला, दोन आठवड्यांची रजा काढून. घर रिकामं करायचं म्हणजे इथे एस्टेट सेल. अनोळखी माणसं आत येतात, कपाटं उघडतात, चमच्यांच्या जुडीला रबरबँड लावून त्यावर दोन डॉलरची चिकटपट्टी असते, आणि ज्या उशीवर माणूस चार आठवड्यांपूर्वी झोपत होतं ती उशी कुणीतरी दाबून बघतं. मला ते बघवेना. तेवढ्यात मुलानं विचारलं, "तू गाणं शिकलीयस ना? आईच्या रेकॉर्ड जरा प्रकारवार लावून देशील? दुकानवाला म्हणतो, मिसळ असेल तर भाव कमी देईन." मी मध्यमा परीक्षेपर्यंत गाणं शिकले, तेही मिरजेत आणि पस्तीस वर्षांपूर्वी. पण चमच्यांपेक्षा हे बरं म्हणून हो म्हटलं. घर हलवायची लहान खोकी असतात, त्यात एलपी अगदी मापात बसतात. सहा खोकी घेतली, चिकटपट्टी लावली, जाड स्केचपेननं लिहिलं : ब्लूज, जॅझ, गॉस्पेल, कंट्री, सोल, रॉक. खूप कार्यक्षम वाटलं. कारपोर्टमध्ये सतरंजी टाकून बसले. चारेकशे रेकॉर्ड. मुलानं फडताळातून कवळ्याकवळ्यानं काढून आणलेल्या, त्यामुळे आजींनी त्या कशा लावल्या होत्या ते आधीच गेलेलं. जुन्या कागदाचा, डांबरगोळ्यांचा आणि बहुधा आजोबांच्या सिगरेटींचा वास. प्रत्येक कव्हरच्या मागे वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं काहीतरी खरडलेलं. महिना, साल, एखादं अक्षर. कुठे 'पाऊस'. कुठे 'टायर पंक्चर'. एकावर 'बेबीला दात'.

पहिल्या वीस-पंचवीस सरसर गेल्या. ब्लूज मला लवकर ओळखू येतं, कारण त्याची ठेवण साधी आहे. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचं. तीन ओळी मिळून बारा मात्रासंच. दुसऱ्यांदा तीच ओळ म्हणताना गायकाला पुढची ओळ सुचायला उसंत मिळत असणार, असा माझा आपला तर्क. आणि त्यातला गंधार! तो ना कोमल, ना शुद्ध. दोन्हीच्या मधे कुठेतरी लोंबकळतो, कधी वर सरकतो, कधी घसरतो. पियानोत ती फटच नाही, म्हणून वाजवणारे दोन्ही पट्ट्या एकदम चिमटीत धरल्यासारख्या दाबतात. माझ्या गाण्याच्या बाई या गंधाराला काय म्हणाल्या असत्या कोण जाणे, पण कानावर पडला असता तर क्षणभर तानपुरा थांबवला असता एवढं नक्की. इथून गाडीनं दोनेक तास दक्षिणेला टटवायलर नावाचं गाव आहे. तिथल्या रेल्वे स्टेशनवर 1903 च्या सुमारास डब्ल्यू. सी. हँडी गाडीची वाट बघत पेंगत होते. फाटक्या कपड्यातला एक माणूस शेजारी येऊन बसला आणि गिटारच्या तारांवर सुरीचं पातं घासत, दोन रेल्वेमार्ग एकमेकांना जिथे छेदतात तिथे मी चाललोय, अशी एकच ओळ तीनदा गायला. हँडी शिकलेले बँडमास्तर. आयुष्यात ऐकलेलं सगळ्यात विचित्र संगीत, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं, आणि तेच संगीत कागदावर उतरवून मोठे झाले. त्या माणसाचं नाव कुणालाच माहीत नाही.

तारेवर काहीतरी घासायचं, हे सुरीवरून आठवलं. आजींकडे हँक विल्यम्सच्या बऱ्याच रेकॉर्ड होत्या, कंट्रीतल्या अगदी सरळ, कुठल्या खोक्यात घालायच्या याबद्दल शंकाच नको अशा. पहिल्यांदा त्यांच्या स्वयंपाकघरात ती ऐकली तेव्हा मागे रडल्यासारखं, मींडेनं ओढत नेलेलं जे वाद्य वाजत होतं त्यानं मी हातातली भेंडी खाली ठेवली. हे तर आमच्या काकाचं! आमच्या धाकट्या काकाकडे हवाईयन गिटार होती. मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातात लोखंडी कांडी धरून, गणपतीत मांडवात तो लताबाईंची गाणी वाजवायचा. शब्दांशिवाय, नुसती ओढ. तेच वाद्य टेनेसी-अलाबामाच्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या दुःखाची खूण कसं काय झालं? मूळ हवाई बेटांवरचंच. जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी पोरानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ते घडवलं असं मानतात. 1915 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या प्रदर्शनात हवाईच्या वादकांनी अमेरिकेला त्याचं वेड लावलं. पुढे जिमी रॉजर्सच्या कंट्री गाण्यांमागे जो कायपो हा हवाईचा वादक बसला. ताउ मो यांचं हवाईयन कुटुंब चाळीसच्या दशकात कलकत्त्यात राहून वाजवत होतं, आणि तिथून ते आपल्या सिनेमाच्या गाण्यांत आणि काकाच्या मांडीवर आलं. म्हणजे बेटावरची एक कांडी पूर्वेला आणि पश्चिमेला दोन्हीकडे निघाली आणि मला आजींच्या ओट्यापाशी भेटली. आजींना हे सांगितलं तर त्यांना काडीचं आश्चर्य वाटलं नाही. "रडायला सगळ्यांना काहीतरी लागतंच," म्हणाल्या आणि भेंडी परतत राहिल्या.

बॅन्जोचं तसंच. कंट्रीच्या खोक्यात निम्म्या कव्हरांवर बॅन्जो धरलेला गोरा माणूस. मी सतारमेकर गल्लीच्या टोकाला वाढले. वाळत घातलेले भोपळे, चपड्याच्या पॉलिशचा वास, दारात बसून पडदे बांधणारी माणसं, हे सगळं शाळेच्या वाटेवरचं. काही वर्षांपूर्वी इथल्या एका संग्रहालयात जुन्या पद्धतीचा बॅन्जो काचेमागे बघितला आणि हसूच आलं. भोपळा! अर्धा कापलेला भोपळा, त्यावर ताणलेलं कातडं, लांब मान. आणि एक आखूड तार मानेच्या मध्यावरच, स्वतःच्या वेगळ्या खुंटीवरून सुरू झालेली, अंगठ्यानं सतत छेडायची. आपली चिकारी बसते तशीच. सतारीशी त्याचं नातं आहे असं मी म्हणत नाही. माणसं भोपळा बघून एकसारखा विचार करतात एवढंच. नातं आहे ते पश्चिम आफ्रिकेशी. गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी ते वाद्य इथे घडवलं आणि पुढची पिढ्यान्‌पिढ्या वाजवलं. नंतर ते गोऱ्यांच्या हातात गेलं आणि इतकं पक्कं गेलं, की आज काळ्या माणसाच्या गळ्यात बॅन्जो दिसला तर लोक चमकतात. मीही चमकले असते.

दुपारपर्यंत सहा खोक्यांच्या मधे सतरंजीवर एक सातवा ढीग झाला होता. कुठे घालायच्या कळत नाही अशांचा. तो सगळ्यात उंच.

त्यात सगळ्यात आधी पडली ती एक छोटी पंचेचाळीसची, म्हणजे मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणारी रेकॉर्ड. एल्विस प्रेस्लीची पहिलीच, आरसीए कंपनीनं नंतर पुन्हा काढलेली. (मूळ सन कंपनीची असती तर मुलाला उशा विकाव्या लागल्या नसत्या.) एल्विस म्हटल्यावर रॉक, दुसरं काय? पण एका बाजूला आर्थर क्रुडप या काळ्या ब्लूज गायकाचं गाणं आणि दुसऱ्या बाजूला बिल मन्रो यांचं डोंगराळ केंटकीचं ब्लूग्रास, म्हणजे कंट्रीचीच एक शाखा. रॉक कुठेच नाही! ते नंतर लोकांनी म्हटलं. 1954 चा जुलै, युनियन अव्हेन्यूवरचा सन स्टुडिओ, इथून अर्ध्या तासावर. बाहेरून बघाल तर सायकल दुरुस्तीच्या दुकानाएवढा. आणि मला सगळ्यात आवडते ती पुढची गोष्ट. ड्युई फिलिप्स या रेडिओवाल्यानं ते गाणं लावलं, फोन घणघणायला लागले, तेव्हा त्यानं एल्विसला बोलावून घेतलं आणि प्रश्न काय विचारला, तर शाळा कोणती? ह्यूम्स हायस्कूल. बस्स. मेम्फिसमध्ये तेव्हा काळ्यांच्या शाळा वेगळ्या, गोऱ्यांच्या वेगळ्या. आवाजावरून ज्याची जात लागत नव्हती त्या पोराची जात शाळेच्या नावावरून सगळ्या शहराला कळली. आपल्याकडे नाही का, नाव सांगितल्यावर 'आडनाव काय?' विचारतात, आणि आडनावानं नाही भागलं तर 'गाव कुठलं?'

खोकी कुणी केली हे शोधायला गेलं तर संगीतकार सापडत नाहीत, विक्रेते सापडतात. 1920 च्या ऑगस्टमध्ये ओके कंपनीनं न्यूयॉर्कमध्ये मेमी स्मिथ या काळ्या गायिकेचं ब्लूज ध्वनिमुद्रित केलं. ते असं काही खपलं की काळी माणसंही रेकॉर्ड विकत घेतात हा साक्षात्कार कंपन्यांना झाला, आणि त्यांच्यासाठी वेगळी यादी निघाली. नाव 'रेस रेकॉर्ड्स'. तीन वर्षांनी त्याच कंपनीच्या राल्फ पीर यांनी अटलांटात एका म्हाताऱ्या सारंगीवाल्याला, म्हणजे फिडल वाजवणाऱ्या जॉन कार्सनला, रेकॉर्ड केलं. पीर यांना त्याचं गाणं भयंकर वाटलं. तिथल्या विक्रेत्याच्या आग्रहाखातर फक्त 500 प्रती काढल्या, यादीत क्रमांकसुद्धा न देता. त्या हातोहात गेल्या. झाली दुसरी यादी : 'हिलबिली', म्हणजे डोंगरावरचे गावंढळ. एक यादी काळ्यांना विकायची, एक गरीब गोऱ्यांना. गावात मात्र दोघं एकाच जत्रेत वाजवत होते, एकमेकांची गाणी उचलत होते. काळ्या वादकांचे फिडल-बॅन्जोचे ताफे कंपनीच्या दारात आले की त्यांना सांगितलं जायचं, ते राहू दे, ब्लूज येतं का? ते गायचे. मग पुढच्या पिढीला पुराव्यासकट दिसायचं, की काळे ब्लूज गातात आणि फिडल गोरे वाजवतात. 1949 मध्ये बिलबोर्ड या संगीतव्यवसायाच्या साप्ताहिकाला 'रेस' शब्दाची लाज वाटायला लागली. नवी नावं आली, 'रिदम अँड ब्लूज' आणि 'कंट्री अँड वेस्टर्न'. चिकटपट्टी बदलली. खोकी तीच.

आजींच्या आईच्या काही जुन्या अठ्ठ्याहत्तरच्याही त्या ढिगात होत्या. जड, काळ्या, हातातून पडली तर पापडासारखी फुटणारी लाखेची तबकडी. ती लाख बरीचशी आपल्याकडून यायची. सतारीला चकाकी आणणारा चपडा आणि ही तबकडी, माल एकच. त्यातली एक जिमी रॉजर्सची. कंट्रीचा आद्य पुरुष म्हणतात त्याला, रेल्वेत ब्रेकमन होता, क्षयानं गेला. 1930 च्या जुलैत हॉलिवुडमध्ये मुद्रित केलेली. लेबलवर एकट्याचं नाव. सुई ठेवली आणि पहिल्याच ओळीमागे एक ट्रम्पेट. गाण्याला उत्तर देणारं, खट्याळ, जरासं मागे रेललेलं. तो लुई आर्मस्ट्राँग आहे. पियानोवर त्याची बायको लिल. दोघांची नावं लेबलवर कुठेच नाहीत. जॅझचा राजा आणि कंट्रीचा बाप एका खोलीत उभं राहून ब्लूज वाजवतायत, आणि मी स्केचपेन हातात धरून बसलेय. तीन खोक्यांच्या मधोमध नेमकं काय करतात?

जॅझबद्दल मात्र कबूल करायला हवं, की ते खोकं मी सगळ्यात बेपर्वाईनं भरलं. मला ते उसन्या कानानंच ऐकू येतं. तिसाच्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात काळ्या अमेरिकन वादकांचे बँड वाजवायचे, त्यांच्यापासून गोव्याच्या पोरांनी ते उचललं आणि पुढे दादर-महालक्ष्मीच्या स्टुडिओंत नेलं. चिक चॉकलेट हे नाव घेतलेला गोवेकर व्हाझ आणि आपले सी. रामचंद्र यांनी मिळून 'अलबेला'त जो धुमाकूळ घातला, तो आमच्या आईच्या पिढीनं नाच म्हणून ऐकला. न्यू ऑर्लिन्सचं ट्रम्पेट ऐकलं की मला अजून भगवानदादा दिसतात. त्याला काय करणार?

डीफोर्ड बेली मात्र त्या दिवशीपासून डोक्यातून जात नाहीत. त्यांची एकही रेकॉर्ड आजींकडे नव्हती; ते एका कव्हरच्या मागच्या मजकुरात भेटले आणि मग मी शोधत गेले. पोलिओनं खुंटलेला, साडेचार-पाच फुटी, काळा माणूस. माउथ ऑर्गन वाजवायचा. नॅशव्हिलच्या ज्या रेडिओ कार्यक्रमातून कंट्री संगीत देशभर गेलं, त्याच्या सुरुवातीच्या लाडक्या कलाकारांपैकी एक. 1927 च्या डिसेंबरात एका शनिवारी, आधीच्या शास्त्रीय संगीताच्या तासाला पाश्चात्य ऑपेरा वगैरे झालं. मग निवेदक जॉर्ज हे यांनी बेलींना पुढे केलं, त्यांनी माउथ ऑर्गनवर रेल्वेगाडी वाजवली. लांबून येणारी, रुळांचा खडखडाट, शिट्टी, पुलावरून जाताना बदलणारा आवाज, मग दूर जाणारी. ते झाल्यावर निवेदक चेष्टेनं म्हणाले, आत्तापर्यंत ग्रँड ऑपेरा ऐकलात, आता ऐका 'ग्रँड ओल ऑप्री'. ते नाव आजतागायत आहे. कंट्रीच्या देवळाचं नाव ज्याच्या वाजवण्यानंतर पडलं, तो दौऱ्यावर गेला की त्याला गोऱ्या सोबत्यांच्या हॉटेलात खोली मिळायची नाही. 1941 मध्ये त्याला काढून टाकलं. मग कित्येक वर्षं त्यानं नॅशव्हिलमध्येच बूटपॉलिशचं दुकान चालवलं. 1982 मध्ये गेला. कंट्रीच्या सन्मान-दालनात नाव लागलं 2005 साली.

बूट पुसता पुसता तो गाडी वाजवत असेल का, असं उगीच मनात येतं.

गॉस्पेलचं खोकं मला सोपं वाटलं होतं. देवाचं नाव आलं की गॉस्पेल. पण त्या खोक्याचा पाया घालणारे टॉमस डॉर्सी आधी जॉर्जिया टॉम म्हणून दारूच्या गुत्त्यांत शोभतील अशी चावट ब्लूज गाणी लिहायचे. 1932 मध्ये ते गावाला गेले असताना बाळंतपणात बायको गेली, पाठोपाठ बाळ. त्या दुःखात त्यांनी देवाला हात धर म्हणून विनवणारं गाणं लिहिलं. सुरावट एका जुन्या स्तोत्राची, पण ढब तीच ब्लूजची, पत्ता फक्त बदललेला. 4 एप्रिल 1968 ला इथे, मेम्फिसमध्ये, लोरेन मोटेलच्या सज्जात उभे असलेले मार्टिन लूथर किंग खालच्या एका वादकाला तेच गाणं आज रात्री छान वाजव म्हणून सांगत होते. पुढच्या क्षणी गोळी लागली. त्या मोटेलचं दुसरं आयुष्य मला इथे राहायला आल्यावर कळलं. मॅकलमोर अव्हेन्यूवरच्या बंद पडलेल्या सिनेमाघरात स्टॅक्स नावाची कंपनी होती. फिडल वाजवणारा, बँकेत नोकरी करणारा एक गोरा भाऊ आणि त्याची बहीण यांनी काढलेली. कंट्रीच करायचं म्हणून निघाले आणि पेठ काळ्यांची म्हणून सोल करून बसले. बहीण पूर्वीच्या लाह्या-गोळ्यांच्या काउंटरवर रेकॉर्ड विकायची आणि गल्लीतली पोरं काय घेतात ते बघून आत स्टुडिओत सांगायची. तिथल्या मुख्य वादकांत दोन काळे, दोन गोरे. शहरात एकत्र बसून जेवायची पंचाईत, म्हणून गाणी लिहायला, पोहायला, तळलेली कोंबडी खायला सगळे लोरेन मोटेलवर जायचे. सोलमधली काही फार आनंदी गाणी त्या खोल्यांत जन्मली. ते मोटेल आता संग्रहालय आहे. मी तीनदा गेलेय आणि तिन्ही वेळा बाहेर आल्यावर गाडी लगेच सुरू करता आली नाही.

आजींचा संग्रह डिस्कोपाशी संपतो. मला डिस्को कधी आवडलं नाही, ते लपवत नाही, पण 1979 च्या जुलैत शिकागोच्या बेसबॉल मैदानात लोकांनी डिस्को रेकॉर्डांचा ढीग करून स्फोटानं उडवला हे वाचल्यावर त्याच्याबद्दल थोडी माया वाटू लागली. त्या रात्री तिथे काम करणाऱ्या एका काळ्या पोरानं पुढे सांगितलं, की लोकांनी आणलेल्या ढिगात डिस्कोचा संबंधही नसलेल्या, नुसत्या काळ्या गायकांच्या रेकॉर्डही होत्या. फोटो बघून आणलेल्या. मी तरी खोक्यात घालत होते.

हिपहॉपचं खोकं केलं नाही म्हणून आमचा धाकटा मुलगा माझ्यावर नाराज. त्याच्या मते सगळं तिथूनच सुरू होतं : 11 ऑगस्ट 1973, ब्रॉन्क्सच्या सेजविक अव्हेन्यूवरच्या इमारतीतली तळमजल्याची खोली, शाळा सुरू होण्याआधी कपड्यांना पैसे हवेत म्हणून एका बहिणीनं ठेवलेली पार्टी आणि डीजे तिचा भाऊ कूल हर्क. गाण्यातली जी नुसत्या तालाची दोन ओळींची जागा लोकांना नाचायला आवडते, तीच एका रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन पुन्हापुन्हा वाजवायची. मी म्हटलं, अरे, ही तर बारी लांबवायची युक्ती, आपला ढोलकीवाला करतो. त्यावर त्यानं डोळे फिरवले. मग 2019 ची लिल नास एक्सची गोष्ट त्यानंच सांगितली. घोड्यावर बसलेल्या त्या काळ्या पोराचं गाणं कंट्रीच्या यादीत आलं, बिलबोर्डनं ते पुरेसं कंट्री नाही म्हणून यादीतून उचललं, आणि ते मुख्य यादीत एकोणीस आठवडे पहिलं राहिलं. "कोणी उचललं?" मी विचारलं. "माहीत नाही. कुणीतरी ऑफिसातलं."

माझ्या डोळ्यांसमोर जीभ लावलेलं बोट आलं. खरं तर ते अन्यायाचं होतं. माझ्या दुकानदारानं बरोबर केलं होतं. रे चार्ल्सनी लहानपणी शनिवारी रात्री ऑप्री ऐकलेली, तरुणपणी फ्लोरिडात एका गोऱ्या कंट्री ताफ्यात पियानो वाजवलेला, आणि 1962 मध्ये कंट्रीची गाणी निवडून, व्हायलिनांचा ताफा आणि मोठा बँड मागे उभा करून ही एलपी काढली. कंट्री म्हणूनच काढली. कंट्रीच्या खोक्यात घालणारा तो म्हातारा रे चार्ल्सच्या बाजूचा होता, चूक माझी होती. तरीही त्याचा राग आला. हे काय आहे, ते मला अजून नीट सोडवता आलेलं नाही. चूक दाखवणाऱ्याचा राग, एवढं साधं ते असेल असं वाटत नाही.

सांगलीला भावाला फोनवर हे सगळं रंगवून सांगितलं. पाऊण तास. भेंडी, सुरी, गाडी वाजवणारा माणूस, सगळं. तो शांतपणे ऐकत होता, मधेमधे "हं" म्हणत होता. शेवटी म्हणाला, "पण ती तुझी आजी काळी होती का गोरी?" मी सांगितलं. "हां," तो म्हणाला, "मग बरोबर." आणि आईच्या गुडघ्यांचा विषय काढला. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ विचार करत राहिले, की काय बरोबर? मी दुसरं उत्तर दिलं असतं तरी त्यानं हेच म्हटलं असतं, अगदी याच आवाजात.

मागच्या शनिवारी पुन्हा त्या दुकानात गेले. काम काही नव्हतं. कंट्रीच्या कप्प्यात आडनावाच्या आद्याक्षरानं लावलेल्या रेकॉर्ड अंगठ्यानं मागे पाडत गेले, आणि जॉनी कॅश आणि पॅट्सी क्लाइन यांच्या मधे रे चार्ल्स निघाले. काढून उलटी केली. कोपऱ्यात पेन्सिलीत 'ऑगस्ट 62', आणि खाली बारीक, 'तिनं ऐकून दोनदा लावायला लावली'. ती म्हणजे बहीण असेल. किंवा आणखी कुणी. आम्हाला या एलपीचा एक डॉलर मिळाला होता, तिच्यावर आता आठाची चिकटपट्टी होती. माझ्याकडे रेकॉर्डप्लेअर नाही. आजींचं धूड सेलच्या पहिल्याच तासाला गेलं. तरी घेतली. दुकानदारानं मला ओळखलं की नाही कळलं नाही. त्यानं पिशवी दिली, पावती फाडली. गाडीत बसल्यावर बघितलं तर 'प्रकार' या रकान्यात छापून आलं होतं : जुनी एलपी, नग 1.